लाइनची वाटणी

छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकाने प्रत्येकाला काही ना काही दिलं. कुणी खुर्ची नेली, कुणी भिंतीवरचं घड्याळ. ताईच्या वाट्याला तिचाच संगणक आला. त्याच्यासमोर बसून तिने अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात घालवलं होतं. हातगाडीवरून तो घरी आणताना तिने पडद्यावर आपली शाल पांघरली होती. फाटकात उभी असलेली शेजारीण म्हणाली, "आजारी माणसाला आणल्यासारखं आणताय की!"

"आजारीच आहे," ताई म्हणाली. "पण माझ्याआधी नाही जायचा."

लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं होतं. आधी आईचं दुखणं, मग वडिलांचं. धाकटा भाऊ शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला, तिथेच संसार थाटला. ताई वडिलांपाशी राहिली. म्हातारपणी वडिलांची नजर गेली, तशी ती त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागली. पेपर संपला की कपाटातलं एखादं पुस्तक. अंध लोकांच्या संस्थेतले एक कार्यकर्ते वडिलांना काठी द्यायला आले होते, ते दारातच थबकले आणि धडा संपेपर्यंत तसेच उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही वाचता तेव्हा स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो."

प्रुफं तपासणाऱ्या बाईला यापरती शाबासकी कोणती? वडील गेल्यावर तिने संस्थेचं काम धरलं. बोलकी पुस्तकं. कथा-कादंबऱ्या वाचायला पुष्कळजण पुढे येत, पण परीक्षांची रूक्ष पुस्तकं कुणाला नको असत. नियमावल्या, हिशेबाचे तक्ते, कलमं आणि पोटकलमं. असली पुस्तकं ताईकडे यायची. ताई एका छोट्या रेकॉर्डरवर वाचायची, मग आवाज संगणकात घ्यायची, खोकला, अडखळणं, बाहेरचं कुत्रं असं सगळं कापून काढायची आणि इंटरनेटवरून संस्थेला पाठवून द्यायची. मागच्या खोलीच्या खिडकीला तिने जुनी गादी उभी केली होती. कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसायची, म्हणजे आवाज घुमत नसे. गल्ली जागी व्हायच्या आत एक धडा पुरा व्हायचा. संस्थेत तिला सगळे वाचनबाई म्हणत.

ऐकणाऱ्यांपैकी एकजण तिला अधूनमधून फोन करायचा. जन्मापासून न दिसणारा, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. खात्यातली वरची परीक्षा देत होता. "बाई, अकराव्या नियमाला तुम्ही जरा हसलात का हो?" असं काहीतरी विचारायचा. आणि ती खरंच हसलेली असायची.

असं सुरळीत चाललं होतं, आणि भावाची नोकरी गेली.

कंपनीच बुडाली म्हणे. भाऊ बायको-मुलीला घेऊन आला तेव्हा ट्रकमधून सामान उतरवताना पुनःपुन्हा सांगत होता, "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, ताई."

"अरे, घर तुझंही आहे," ताई म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. पुढची मोठी खोली त्यांना दिली, मधल्या खोलीत भाची, आणि मागची खोली तिची स्वतःची. माणसांची सोय लागायला एक दिवस पुरला. अडलं ते संगणकांपाशी.

इंटरनेटची लाइन मागच्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत आली होती आणि थेट ताईच्या संगणकात गेली होती. एकटीच्या घरात तेवढं पुरत होतं. आता भावाचा काळा लॅपटॉप होता, त्यावरून तो दिवसभर नोकऱ्यांचे अर्ज करायचा. भाचीचं चंदेरी मशीन भलत्याच कंपनीचं, चित्रांच्या कॉलेजसाठी घेतलेलं. शिवाय भावजयीचा फोन. भावाने बाजारातून नेटवर्कचं एक कार्ड आणून ताईच्या संगणकात बसवली, त्यातून आणखी एक वायर काढली आणि म्हणाला, "आता तुझं मशीन म्हणजे दिंडी दरवाजा. आम्ही सगळे त्यातून ये-जा करणार."

पण दरवाजा उघडा राहायचा तर मशीन चालू राहायला हवं. त्याचा पंखा इतका घरघरायचा की वाचताना ताई ते बंद ठेवायची. आता बंद केलं की पुढच्या खोलीतून हाक यायची, "ताई, लाइन गेली!" मग ती तसंच घरघरत ठेवून वाचू लागली. संस्थेतून विचारणा झाली, मागे विमान जातंय का? भाचीच्या मशीनचं तर निराळंच दुखणं. त्याच्यात आणि ताईच्या संगणकात विस्तव जात नव्हता. एकाने दिलेलं दुसऱ्याला दिसायचंच नाही. भाची वैतागून म्हणायची, "आत्या, तुझा म्हातारा माझ्याशी बोलतच नाही."

"माझ्याशी तरी कुठे बोलतो? मी गोड बोलून काढून घेते त्याच्याकडून."

शेवटी भावाने वाटणीचा डबा आणला. त्यात लाइन घातली की तो सगळ्यांना सारखी वाटून देणार, मशीन कोणत्याही जातीचं असो. लाइन पुढे ओढून घेतली आणि डबा पुढच्या खोलीत, भावाच्या टेबलावरच्या फळीवर बसला. बाकीच्यांना तो हवेतूनच लाइन द्यायचा, ताईच्या संगणकात मात्र तसली सोयच नव्हती. तिच्यासाठी एक लांब वायर भिंतीच्या कडेकडेने, दोन उंबरे ओलांडून मागे आणली. भावजय केर काढताना रोज एकदा तरी त्या वायरीला हिसका बसायचा. तरी ताई खूश होती. पंखा बंद करून वाचता येत होतं.

भावाच्या मुलाखती पडद्यावरूनच होत असत. वर कडक शर्ट, टाय आणि खाली घरातला पायजमा अशा अवतारात तो दार लावून बसायचा. एक दिवस मुलाखत संपवून तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ताईचं एक अख्खं पुस्तक संस्थेकडे जात होतं. पडद्यावरची हिरवी पट्टी निम्म्यावर आली होती.

"किती वेळ चाललंय तुझं हे?" त्याने विचारलं.

"दुपारपासून. का रे? थांबवू का?"

"आता काय थांबवतेस? झालं." टाय सैल करत तो पट्टीकडे बघत राहिला. "मध्येच माझं चित्र गोठलं. तोंड उघडं तसंच. पलीकडे कुणीतरी हसलं, म्हणालं, पुतळा झाला वाटतं यांचा."

ताईला फार वाईट वाटलं. "मला आधी सांगायचं होतंस. मी नसतं पाठवलं."

"दरवेळी काय सांगत बसायचं," तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्या मुलाखतीला चित्र गोठलं नाही. नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा कमी, पण काम बहुतेक घरूनच. त्या संध्याकाळी भावजय किती महिन्यांनी मोकळं हसली. भाचीने सगळ्यांचा फोटो काढला. ताईने भावाच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्याने तो धरून ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं असेल, असं तिला वाटलं.

त्याच सुमारास तिचा संगणक मंदावला.

आधी चहा होईस्तोवर जो धडा जायचा तो जेवणं उरकली तरी जाईना. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची, शेवटाला येऊन तुटायची आणि मग पहिल्यापासून सुरुवात. संस्थेने पाठवण्यासाठी दिलेला प्रोग्रॅम अर्ध्यातून पुढे जाणारा नव्हता. एक तर सगळं, नाही तर काहीच नाही. ताईने भावाला दाखवलं. तो तिच्या खुर्चीत बसला, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या, संगणकाच्या मागे वाकून पाहिलं.

"जुनं झालंय गं," तो संगणकाकडे बघतच म्हणाला. "त्याच्याकडून आता किती अपेक्षा करायची?"

तिला ते पटलं. ती स्वतःसुद्धा जुनीच झाली होती, तेव्हा पटायला वेळ लागला नाही.

मग तिने नाना उपाय केले. आवाजाच्या फाइली दाबून लहान केल्या, तर संस्थेकडून त्या परत आल्या. विहिरीत बसून वाचल्यासारखं येतंय म्हणाले. एकदा भाचीच्या मशीनवरून पाठवायचा प्रयत्न केला. पण संस्थेचा प्रोग्रॅम त्या जातीच्या मशीनवर चालेचना. भाचीने अर्धी सुट्टी त्यात घालवली, शेवटी हात टेकले. भावाच्या लॅपटॉपला आता नव्या कंपनीचं कुलूप होतं, बाहेरचं काही त्यात घालायची मनाई. राहता राहिला पेन ड्राइव्ह. धडे त्यात भरून, दोन बसा बदलून, गावाच्या दुसऱ्या टोकाला संस्थेत नेऊन द्यायचे.

एकदा अंगात ताप असताना ती अशीच निघाली. बाहेर भुरभुर पाऊस होता. भाऊ पुढच्या खोलीत कामाला बसला होता, तिला चपला घालताना पाहून उठला. खुंटीवरची छत्री काढून त्याने तिच्या हातात दिली.

"आजच जायला हवं का?"

"परीक्षा जवळ आलीय त्यांची. वाट बघत असतील."

तो काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "सांभाळून जा."

संस्थेला कुलूप होतं. कुणीतरी वारल्यामुळे अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. ती बंद दाराच्या पायरीवर टेकली. पर्समधल्या त्या बोटभर तुकड्यात ऑपरेटरच्या पुस्तकाचे तीन धडे होते. घरी आल्यावर तापाने तिला आठवडाभर अंथरुणाला खिळवलं. त्या आठवड्यात धडे पाठवायला संगणक कुणी लावला नाही आणि पेन ड्राइव्हही पर्समध्येच राहिला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. तक्रार नव्हती, नुसती चौकशी. "बाई, शेवटचे धडे तयार असतील ना? उद्या पेपर आहे."

ताईने पुस्तक काढलं. घसा बसलेला होता, तरी म्हणाली, "तुम्ही फोन कानाला धरून बसा. मी वाचते."

ती वाचत गेली. तो मध्येमध्ये म्हणायचा, "हं." दुसऱ्या धड्याच्या मध्यावर तिचा आवाज फुटला आणि नुसती हवा यायला लागली. पाणी प्यायली, गरम पाणी प्यायली, पुन्हा प्रयत्न केला. पलीकडून तो म्हणाला, "राहू द्या बाई. तेवढ्यावर निभावून नेईन. तुम्ही झोपा."

निभावलं नाही. न वाचलेल्या धड्यातलाच मोठा प्रश्न आला होता. निकाल लागल्यावर त्याने आपणहून कळवलं, थोडक्यात हुकलं. ताई म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण आधीपासून तयारी करू. मी पहिल्यापासून पुन्हा वाचते." तो म्हणाला, "पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी. ही शेवटचीच होती. असो. आहे ती नोकरी काही वाईट नाही."

पुढच्या महिन्यात संस्थेच्या मुख्य बाईंनी बोलावलं. चहा मागवला. त्यांना बोलायला जड जात होतं, म्हणून ताईच म्हणाली, "तुम्ही दुसरं कुणी बघितलं असेल तर मी समजू शकते."

"आवाज तुमच्यासारखा नाहीये हो," मुख्य बाई म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे स्टुडिओ आहे, धडे वेळेवर येतात. मुलांच्या परीक्षा थांबत नाहीत ना."

"बरोबर आहे. माझं मशीनच जुनं झालंय." बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं, हे वाक्य ती आता पाठ केल्यासारखं म्हणते. घरी येऊन तिने खिडकीची गादी काढली, ऊन दाखवून पलंगाखाली सारली. भावजय म्हणाली, "बरं झालं, खोलीत उजेड आला." तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. उजेड खरंच आला होता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी गल्लीतल्या लाइनी बदलायचं काम निघालं. जुनी तार काढून नवी बारीक तार घालत होते. लाइनमन घरात आला. मिशाळ, पोटाशी हत्यारांचा पट्टा, चपला दाराबाहेर काढून आलेला. भाऊ त्या दिवशी कचेरीत गेला होता, भाची कॉलेजात. लाइनमनने डब्यापाशी आपलं यंत्र लावून पाहिलं, म्हणाला, "झकास." मग प्रत्येक ठिकाणी तपासत मागच्या खोलीत आला, ताईच्या संगणकाची वायर काढून यंत्रात घातली आणि भुवया चढवल्या.

"इथे नुसतं ठिबकतंय."

"ते मशीन जुनं आहे," ताई म्हणाली.

"मशीन कुठे लावलंय मी? ही तर नुसती वायर." तो ती तपासत तपासत पुढे गेला, एक नवी वायर लावून पाहिली, पुन्हा तेच. मग डब्याच्या सेटिंगचं पान आपल्या फोनवर उघडलं आणि थोडा वेळ बघत बसला. "तरीच. या वायरीवर वेगाची मर्यादा घातलीय कुणीतरी. बाकीच्यांना मोकळं, आणि मागच्या खोलीला चमच्याने."

"म्हणजे आपोआप झालंय का?"

"आपोआप कसं होईल? हाताने घालावी लागते." त्याला यात काही विशेष वाटलं नाही. कित्येक घरांत तो हे पाहत असेल. "लहान मुलं खेळत बसू नयेत म्हणून करतात लोक. काढू का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. ताईने तिकडे पाहिलं. भावजय दारात उभी होती, हात ओले. ताईची नजर भिडताच तिने मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"राहू द्या," ताई लाइनमनला म्हणाली. "ज्याने घातलीय तो काढेल."

संध्याकाळी भाऊ आला. भावजयीने त्याला फाटकातच गाठलं असावं, कारण तो बूट न काढताच मागच्या खोलीत आला. ताई खाटेवर बसली होती. उघड्या खिडकीतून रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. वाचन बंद झाल्यापासून ती खिडकी लावतच नसे.

"ताई, ऐकून घे. ते एका दिवसापुरतं केलं होतं. चित्र गोठल्यानंतरच्या मुलाखतीसाठी."

"मग?"

"मग नोकरी लागली."

"आणि?"

"आणि राहून गेलं. डोक्यात इतकं काय काय होतं त्या वेळी..."

"विसरलास?"

खोटं बोलायचं तर ती वेळ होती, आणि त्याने एवढं केलं की खोटं बोलला नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "नाही. आठवत होतं. पहिले काही दिवस म्हटलं, नोकरी नवी आहे, सकाळ-संध्याकाळ मीटिंगा, एकदा जरी चित्र गोठलं तरी काढून टाकतील. जरा स्थिरावू, मग काढू. नंतर... नंतर काढायचं तर तुला कळलं असतं ना. काल बंद पडलेलं मशीन आज धावायला लागलं, तर तू विचारलंच असतंस."

"मी विचारलं नसतं," ताई म्हणाली. "मी तुझे आभार मानले असते. दुरुस्त केलंस म्हणून."

त्याने कपाळावरून हात फिरवला.

"मी तुला मशीन दाखवलं. तू माझ्या खुर्चीत बसून म्हणालास, जुनं झालंय."

"हो."

"मी तापात निघाले, तेव्हा तू मला छत्री दिलीस."

"ताई, मला वाटलं तुझं ते काम म्हणजे... तुला एकटीला वेळ घालवायला. माझ्यावर तीन माणसं होती गं."

ते तिला सगळ्यात जास्त लागलं. वायरीचं, मर्यादेचं, खोट्याचंसुद्धा एवढं लागलं नाही. तिला सांगावंसं वाटलं, की मागच्या खोलीतल्या धड्यांवर एक माणूस पुढे जात होता, मध्येच तुटला, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली नाही. पण ऑपरेटरचं नाव घेतलं असतं तर भाऊ मोडून पडला असता, आणि त्याला मोडायची तिची इच्छा नव्हती. लहानपणी याच भावाने शाळेची पाटी फोडली होती, तेव्हाही तिने मार स्वतःवर घेतला होता. सवयी सुटत नाहीत.

"मला सांगितलं असतंस," ती एवढंच म्हणाली, "तर मी आपणहून बंद केलं असतं. तुझी नोकरी लागेपर्यंत संस्थेला सांगून दुसऱ्या कुणाला तरी ते धडे दिले असते. त्या लोकांचं अडलं नसतं. तू मला विचारलंच नाहीस. जा, बूट काढ. घरभर चिखल झालाय."

त्याने त्याच वेळी जाऊन मर्यादा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने संगणक चालू केला. तो झपाझप धावू लागला. पाठवायला मात्र काही नव्हतं. तिने एक-दोन जुनी पानं उघडून पाहिली, बंद केली, आणि मशीनवर शाल टाकून ठेवली.

मग तिने एक काम केलं, जे करायचं होतं आणि करवत नव्हतं. ऑपरेटरला फोन लावला. तो कामावरच होता. नेहमीच्या सुरात त्याने कचेरीचं नाव घेतलं आणि मग तिला ओळखून म्हणाला, "बाई! किती दिवसांनी."

"तुम्हाला सांगायचं होतं," ताई म्हणाली, "ते धडे मी वेळेवर वाचून ठेवले होते. पाठवायचे राहिले."

"ठाऊक आहे मला. तुम्ही वाचले नसतील असं वाटलंच नाही कधी. काय झालं होतं?"

तिच्या जिभेवर खरं आलं होतं. पुढच्या खोलीतून भावाचा आवाज येत होता, मीटिंगमध्ये कुणाला तरी तो आकडे समजावून सांगत होता.

"यंत्र बिघडलं होतं," ती म्हणाली.

"यंत्राला काय बोलणार?" तो हसला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बरं, एक सेकंद, दुसरी लाइन वाजतेय." आणि त्याने फोन थांबवून ठेवला. ती कितीतरी वेळ रिसीव्हर धरून उभी होती. मग तिनेच तो ठेवून दिला.

भाचीला हे सगळं कळलं तेव्हा ती बापाशी बरेच दिवस धड बोलली नाही. तिने संस्थेच्या मुख्य बाईंना परस्पर फोनही करून पाहिला. त्या म्हणाल्या, नव्या वर्षाची पुस्तकं दिली गेलीत, पुढचं पुढे बघू. पुढचं कुणी बघितलं नाही. ताईने आठवण करून दिली नाही. ऑपरेटरसारखा एखादा पुन्हा आपल्या आवाजावर विसंबून बसला तर, या विचारानेच ती फोनकडे गेलेला हात मागे घ्यायची.

कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात बाहेर बसायला कुणीतरी हवं होतं. नावं लिहून घ्यायची, आत जागा झाली की पुकारायची. ताई तिथे जाऊ लागली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पेशंट म्हणायचे, तुम्ही नाव घेता तेव्हा भीती कमी वाटते. ती मान डोलवायची. काम सोपं होतं. सकाळी नऊला जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, पुन्हा संध्याकाळी.

घरात भांडण झालं नाही. तेच वाईट झालं असावं. भाऊ तिच्याशी जरुरीपेक्षा जास्त नम्रपणे वागू लागला. तिच्या खोलीत येताना दार वाजवायचा. भावजय तिला पहिला चहा देऊ लागली. ताईला नको होतं यातलं काही. तिला तो जुना भाऊ हवा होता, जो खोलीत धाडकन येऊन पलंगावर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, ताई, डोकं चेप जरा. तो आता येत नव्हता.

हिवाळ्यात एकदा भावाची दाढ दुखायला लागली. दोन दिवस त्याने कळ सोसली, तिसऱ्या दिवशी गाल सुजवून ताईच्या दवाखान्यात आला. बाकावर इतर पेशंटांच्या ओळीत बसला. ताईने त्याचं नाव लिहून घेतलं. त्याचा नंबर आल्यावर तिने इतरांना हाक मारायची तशीच त्यालाही हाक मारली, आणि तो उठून आत गेला.

दाढ काढावी लागली. बाहेर आला तेव्हा तोंडात कापसाचा बोळा, ओठ एका बाजूला लोंबलेला, डोळे लाल. दुपारची वेळ होती, दवाखाना बंद व्हायचा होता. ताईने खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, आणि दोघं बरोबरच निघाली. रस्ता रिकामा होता. चालता चालता तो थांबला. त्याने तिच्या दंडाला हात लावला आणि बोळ्याच्या आडून काहीतरी बोलायला लागला. शब्द फुटेनात. "ताई, मी..." एवढंच कळलं, पुढे नुसतं ओलं पुटपुटणं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दाढेचं की कशाचं कोण जाणे.

"बोलू नकोस," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. रक्त येईल."

त्याने मान हलवली, पुन्हा तोंड उघडलं.

"नको म्हटलं ना," ती म्हणाली. रुमाल काढून तिने त्याच्या हनुवटीवर ओघळलेली लाळ पुसली, आणि दोघं घराकडे चालू लागली.